राजकीय अशांतता असलेल्या देशात जावं की नाही, हे ठरवायचं कसं?

पायवाट

पाच आठवड्यांनी दहा दिवसांचा परदेश प्रवास ठरला आहे. विमानाची तिकिटं काढून झाली आहेत, मुक्कामाचे निम्मे पैसे भरले आहेत. गेल्या आठवड्यापासून त्या देशाच्या राजधानीत मोर्चे, अश्रुधूर आणि दोन रात्री संचारबंदी. देशाचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की चर्चा तिथल्या राजकारणावर घसरेल आणि मूळ प्रश्न बाजूला पडेल.

जाणारे चौघं: दोन मोठी माणसं, बारा वर्षांची मुलगी आणि रोज रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे सत्तरीचे आजोबा. पहिले तीन दिवस राजधानीत, मग डोंगराळ भागात, परत येताना पुन्हा राजधानीतूनच विमान.

"जा" किंवा "जाऊ नका" असं उत्तर नको आहे, ठरवायची रीत हवी आहे. कुठल्या गोष्टी बघायच्या, कधी बघायच्या आणि कुठली गोष्ट घडली की बेत मोडायचा? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

उत्तरायण

सगळ्यात आधी: घाबरून आजच तिकीट रद्द करू नका. तुम्ही स्वतःहून रद्द केलंत की भाड्याचे नियम लागू होतात आणि स्वस्त तिकिटावर हाती जवळपास काही येत नाही. विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं तर बहुतेक ठिकाणी पूर्ण परतावा मागता येतो. परिस्थिती खरंच बिघडली तर कंपन्या 'ट्रॅव्हल वेव्हर' काढतात, म्हणजे ठराविक तारखांच्या तिकिटांवर एकदा फुकट तारीख बदलू देतात. ही सूट बऱ्याचदा प्रवासाच्या जेमतेम काही दिवस आधी येते. आधी रद्द केलेल्यांना ती मिळत नाही.

युरोपीय संघातून निघणाऱ्या विमानांना २६१/२००४ हा प्रवाशांच्या हक्कांचा नियम लागू असतो. राजकीय अशांतता 'असाधारण परिस्थिती'त मोडते, त्यामुळे वेगळी भरपाई मिळत नाही. पण परतावा किंवा दुसरं विमान, आणि अडकलात तर जेवण व मुक्काम, ही जबाबदारी कंपनीवरच राहते. अमेरिकेच्या २०२४ च्या नियमाप्रमाणे आंतरराष्ट्रीय उड्डाण सहा तास किंवा त्याहून जास्त सरकलं आणि तुम्ही ते नाकारलंत तरी परतावा लागू होतो.

---

नकाशावेडा

पायवाट, "तो देश सुरक्षित आहे का" हा प्रश्न सोडून द्या. त्याला उत्तर नाही. त्याऐवजी असं विचारा: ठरलेल्या दिवशी विमानतळावर पोचता येईल का, तिथून विमान सुटेल का, आणि नाही सुटलं तर चार-पाच दिवस जास्त राहणं झेपेल का? परदेशी पाहुणे आंदोलनात जखमी होण्यापेक्षा अडकून पडण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

थोडी उजळणी करू. नोव्हेंबर २००८ मध्ये बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळाचा आंदोलकांनी ताबा घेतला. २५ नोव्हेंबरपासून साधारण आठवडाभर विमानतळ बंद होता, लाखो प्रवासी खोळंबले आणि शेवटी ऊ-तापाव या नौदलाच्या विमानतळावरून त्यांना काढावं लागलं. जानेवारी २०२२ मध्ये कझाकस्तानात गॅसच्या दरवाढीवरून सुरू झालेलं आंदोलन तीन-चार दिवसांत अल्माटी विमानतळापर्यंत पोचलं. ५ तारखेला ताबा गेला आणि प्रवासी वाहतूक १३ तारखेला सुरू झाली. हाँगकाँगला १२ ऑगस्ट २०१९ च्या दुपारी सगळी उड्डाणं रद्द झाली. नंतर तर तिकीट दाखवल्याशिवाय टर्मिनलमध्ये शिरूच देत नव्हते.

तेव्हा नकाशा उघडा. संसद, राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान, सत्ताधारी पक्षाचं कार्यालय, पोलीस मुख्यालय, सरकारी दूरचित्रवाणी, मोठं विद्यापीठ आणि मोर्चे जिथे जमतात तो चौक, सगळ्यांवर खुणा करा. मग विमानतळ ते मुक्काम ही रेघ ओढा. रेघ त्या खुणांमधून जात असेल तर मुक्काम बदला. काठमांडूत सप्टेंबर २०२५ मध्ये नेमकं हेच आडवं आलं. संसद नवीन बानेश्वरला, आणि शहरातून विमानतळाकडे जाणारा मुख्य रस्ता तिथूनच जातो.

---

तिठा

नकाशाची युक्ती फार आवडली. वाचनखूण साठवली आहे.

---

स्थिरचित्त

थोडा वेगळा सूर लावतो. बातम्यांत दिसतं तेवढं शहर कधीच पेटलेलं नसतं. कॅमेरा एका चौकात असतो आणि आपल्याला वाटतं सगळा देश तसाच आहे. जानेवारी २०१४ मध्ये बँकॉकमध्ये 'शटडाउन' पुकारलं तेव्हा आंदोलकांनी अडवलेले चौक मोजकेच होते, आकाशरेल्वे चालू होती, बेटांवर तर काही जाणवतही नव्हतं. त्याच वर्षी २२ मे रोजी लष्कराने सत्ता घेतली आणि रात्री दहा ते पहाटे पाच संचारबंदी लागली. तेव्हाही विमानतळाकडे जाणाऱ्यांना तिकीट दाखवून सोडत होते.

पाच आठवडे हा मोठा काळ आहे. बहुतेक आंदोलनं त्याच्या आत निवळतात. आणि ज्या देशात पर्यटनावर घरं चालतात तिथले मार्गदर्शक, चालक, खानावळीवाले यांचा काय दोष? सगळ्यांनी बेत मोडले की पहिला फटका त्यांनाच बसतो.

---

अवेळ

स्थिरचित्त, शेवटच्या मुद्द्याशी मनापासून सहमत, पण "निवळतात" यावर भिस्त ठेवू नये. काठमांडूचाच क्रम बघा. ४ सप्टेंबर २०२५ ला सरकारने २६ समाजमाध्यमं बंद केली. ८ तारखेला मोर्चा आणि गोळीबार, एका दिवसात १९ मृत्यू. ९ तारखेला पंतप्रधानांचा राजीनामा, संसद आणि सिंहदरबार (सरकारचं सचिवालय) पेटलेले, दुपारी विमानतळ बंद. तो उघडला १० तारखेच्या संध्याकाळी. ७ तारखेला उतरलेल्या माणसाने आदल्या दिवशीपर्यंत बघितलेलं चित्र अगदी शांत होतं.

म्हणजे आंदोलन किती मोठं आहे यापेक्षा वेग आणि दिशा बघायला हवी. मागण्या एका कायद्यापुरत्या आहेत की "सरकार जा" इथपर्यंत आल्या? माणसं मेली आहेत का? मृत्यू झाले की पुढचे मोर्चे बहुधा मोठेच निघतात. एकाच शहरात आहे की दुसऱ्या-तिसऱ्या शहरात पसरलं? पोलीस हाताळताहेत की लष्कर रस्त्यावर उतरलं? या चारही प्रश्नांची उत्तरं एका आठवड्यात वाईटाकडे सरकली तर पाच आठवड्यांचा अवकाश असला तरी सावध व्हा.

---

कलमबहाद्दर

विम्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. लांबेल, पण इथेच लोक सर्वात जास्त फसतात.

पॉलिसीचं आकर्षक माहितीपत्रक बाजूला ठेवा. मूळ मसुदा उघडा आणि 'जनरल एक्स्क्लूजन्स', म्हणजे विम्यातून वगळलेल्या गोष्टींचं प्रकरण काढा. तिथे एक लांबलचक वाक्य असतं: वॉर, इन्व्हेजन, सिव्हिल वॉर, रिबेलियन, रेव्होल्यूशन, इन्सरेक्शन, म्हणजे युद्ध, आक्रमण, यादवी, बंड, क्रांती, उठाव. यातलं काहीही घडलं तर दावा नामंजूर. आता 'रायट' (दंगल), 'स्ट्राइक' (संप) आणि 'सिव्हिल कमोशन' (नागरी गोंधळ) हे तीन शब्द शोधा. काही पॉलिसींत ते त्याच वगळलेल्या यादीत असतात, काहींत मात्र प्रवास रद्द होण्याच्या मान्य कारणांत येतात. सगळा फरक इथे पडतो. आणि मधली जागा निसरडी आहे. सकाळी निघालेला मोर्चा दंगल म्हणून मान्य होतो, पण संध्याकाळपर्यंत सरकार पडलं तर कंपनी त्यालाच उठाव म्हणू शकते. म्हणून दावा करताना तारीख, वेळ आणि नेमकं कारण लिहा: "अमुक तारखेचं उड्डाण कंपनीने रद्द केलं" असं, सोबत कंपनीचं पत्र. "देशात क्रांती झाली" असं स्वतःच्या हाताने लिहून देऊ नका.

दुसरं, 'नोन इव्हेंट'. गोष्ट जगजाहीर झाल्यावर घेतलेल्या विम्यात त्याच गोष्टीमुळे झालेलं नुकसान धरत नाहीत. पायवाट, तुमच्या देशात आंदोलन गेल्या आठवड्यात सुरू झालं. विमा त्याआधी घेतला असेल तर त्या तारखेची पावती जिवापाड जपा. आज घेणार असाल तर आजारपण आणि सामानासाठी जरूर घ्या, पण या आंदोलनापुरता तो उपयोगी पडेल असं धरू नका.

तिसरं, 'कॅन्सल फॉर एनी रीझन'. यात कारण द्यावं लागत नाही, परंतु पूर्ण पैसे मिळत नाहीत, साधारण ५० ते ७५ टक्के मिळतात. प्रवासाची पहिली रक्कम भरल्यापासून बहुधा १४ ते २१ दिवसांत घ्यावं लागतं आणि निघण्याच्या निदान ४८ तास आधी रद्द करावं लागतं. सगळ्या देशांत हे मिळत नाही.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं. सरकारने "जाऊ नका" असा इशारा दिलेला असताना गेलात तर काही पॉलिसी सरसकट रद्दबातल होतात. आंदोलनाशी काडीचा संबंध नसलेला, जिन्यावरून पडून मोडलेला पायसुद्धा मग स्वतःच्या खिशातून. इशारा तुम्ही तिथे असताना आला तर परत निघायला ठरावीक मुदत असते. ती मसुद्यात शोधून लिहून ठेवा.

---

उंबरठा

कलमबहाद्दर, जबरदस्त प्रतिसाद! 'मेडिकल इव्हॅक्युएशन' असेल तर दंगलीतून बाहेर काढतात का?

---

कलमबहाद्दर

नाही. ते आजारी किंवा जखमी माणसाला योग्य रुग्णालयात हलवण्यासाठी असतं. अशांततेतून बाहेर काढायचं कलम वेगळं, 'पोलिटिकल इव्हॅक्युएशन' किंवा 'सिक्युरिटी इव्हॅक्युएशन' नावाने. तेही इशारा आधीच लागू असलेल्या ठिकाणी सहसा लागू होत नाही.

---

दिवेलागण

सरकारी इशारे वाचायची पद्धत सांगते. अमेरिकेचे चार स्तर आहेत: पहिला नेहमीची काळजी, दुसरा जास्त काळजी, तिसरा जाण्याचा फेरविचार करा, चौथा जाऊ नका. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाही चार पायऱ्यांत सांगतात. ब्रिटनचे मोठे इशारे दोनच: "अत्यावश्यक असेल तरच जा" आणि "अजिबात जाऊ नका". बरेच देश आकडे न देता नुसतं सूचनापत्र काढतात.

तुमचा विमा ज्या देशाचा, त्याच देशाचा इशारा विम्यासाठी धरतात. माहितीसाठी मात्र तीन-चार देशांचे शेजारी ठेवून वाचा आणि आकड्यापेक्षा मजकूर बघा. एकाच देशाचा एक प्रांत चौथ्या स्तरावर आणि बाकीचा देश दुसऱ्यावर असं नेहमी असतं. पानाच्या वरची 'शेवटचा बदल' ही तारीख बघा आणि काय बदललं ते वाचा.

त्यातली सगळ्यात बोलकी खूण म्हणजे दूतावासाने कर्मचाऱ्यांची कुटुंबं परत पाठवणं. अमेरिकेत याचे दोन प्रकार आहेत. 'ऑथराइज्ड डिपार्चर' म्हणजे हवं तर निघा, 'ऑर्डर्ड डिपार्चर' म्हणजे निघायलाच हवं. दुसरा शब्द दिसला की पर्यटकाने चर्चा थांबवावी.

आणि सरकार विमान पाठवून सोडवेल या भरवशावर कुणी जाऊ नये. अमेरिका तर असं बाहेर काढण्याआधी खर्च परत करण्याच्या वचनपत्रावर सही घेते. सुदानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये पहिल्याच दिवशी खार्टूमचा विमानतळ बंद पडला. बाहेर पडणाऱ्या हजारोंना आधी बसने शेकडो किलोमीटर पोर्ट सुदान गाठावं लागलं आणि तिथून जहाजाने जेद्दा. दूतावासाकडे नावनोंदणी मात्र प्रत्येकाने करावी, पाच मिनिटांचं काम आहे.

---

स्थिरचित्त

दिवेलागण, पटलं. पण इशारे देणाऱ्यांवर चुकून कमी सांगितल्याचा ठपका येतो, जास्त सांगितल्याचा येत नाही. त्यामुळे इशारा चढतो पटकन आणि उतरतो सावकाश. हे धरून वाचावं.

---

दिवेलागण

अगदी बरोबर. म्हणूनच त्यासोबत विमानांकडे बघा.

---

उत्तरायण

विमानांकडे कसं बघायचं ते लिहितो. फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर तुमच्या उड्डाणाचा क्रमांक टाका. मोफत खात्यात मागच्या सात दिवसांचा इतिहास दिसतो. रद्द किती, उशीर किती, आणि एक बारीक खूण: रात्री उतरणारं विमान अचानक दिवसा यायला लागलं किंवा कर्मचाऱ्यांचा मुक्काम टाळण्यासाठी लगेच परत फिरायला लागलं, तर कंपनीच्या सुरक्षा विभागाला तिथे रात्र काढणं नको आहे. अशी दोन-तीन उड्डाणं बातमीपेक्षा जास्त सांगून जातात.

मधला थांबा विसरू नका. २३ जून २०२५ ला संध्याकाळी कतारने हवाई हद्द काही तास बंद केली आणि दोहाकडे निघालेली विमानं भलतीकडे उतरली. ज्यांच्या मुक्कामाच्या देशात सगळं आलबेल होतं तेही अडकले.

आणि सगळी उड्डाणं एकाच पीएनआरवर आहेत ना? वेगवेगळी काढलेली असतील तर पहिलं रद्द झाल्यावर दुसऱ्या कंपनीची काही जबाबदारी राहत नाही.

---

तिठा

माझ्या मते बारा वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे आजोबा सोबत असताना हा विचारच कशाला? सर सलामत तो पगडी पचास. डोंगर कुठे पळून जात नाहीत.

---

नकाशावेडा

तिठा, काळजी योग्य आहे, पण तिला आकार देऊ या. आजोबांचा खरा धोका मोर्चा नव्हे, गोळ्या संपणं हा आहे. दहा दिवसांच्या प्रवासाला वीस दिवसांच्या गोळ्या, सगळ्या हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव. कंपनीचं नाव दुसऱ्या देशात कुणी ओळखत नाही. आजोबांना दोन किलोमीटर सामानासह चालता येतं का? रस्ते अडवले की गाडी तेवढ्यावर सोडते. पेरूमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये कुस्कोचा विमानतळ आणि माचू पिचूची रेल्वे दोन्ही बंद पडली. शेकडो पर्यटक पायथ्याच्या गावात अडकले. सोडवायला आलेली गाडीही रुळांवरच्या दगडांमुळे शेवटपर्यंत जाऊ शकली नाही, तिथून पुढे पायी.

पायवाट, तुमचा "मग डोंगराळ भागात" हा टप्पा म्हणून मला राजधानीपेक्षा जास्त खटकतो. डोंगर शांत असतो, पण तिथून विमानतळाकडे यायला रस्ता एकच असतो. परतीच्या आधीचे दोन दिवस राजधानीच्या विमानतळाजवळ ठेवा आणि सुरुवातीचे तीन दिवस कमी करून एकावर आणा.

---

बिनतारी

इंटरनेट बंद पडणार हे धरूनच निघा. इजिप्तने २८ जानेवारी २०११ ला जवळपास सगळं बंद केलं, पाच दिवस. बांगलादेशात १८ जुलै २०२४ च्या रात्री सगळं गेलं. ब्रॉडबँड २३ तारखेपासून थोडं थोडं आलं, मोबाइल इंटरनेट २८ तारखेला.

अशा वेळी काय काय बंद पडतं ते लोकांच्या लक्षात येत नाही. ई-सिम निरुपयोगी, कारण तेही स्थानिक मनोऱ्यावरच चालतं. व्हीपीएन ठराविक संकेतस्थळं अडवली असतील तर चालतं, तारच कापली असेल तर नाही. गाडी बोलवायचं ॲप बंद. कार्डाचं यंत्र बंद. एटीएम बंद, किंवा चालू असलं तर तासाभरात रिकामं. हॉटेलचं आरक्षण ईमेलमध्ये, तो उघडत नाही. कागदावरचं आणि खिशातलं तेवढंच खरं.

तेव्हा नकाशे आधी उतरवून ठेवा. चार दिवसांचा खर्च रोख, स्थानिक चलनात, लहान नोटांत. शिवाय थोडे डॉलर, नव्या मालिकेचे, न दुमडलेले, न लिहिलेले, कारण जुन्या किंवा फाटक्या नोटा बऱ्याच ठिकाणी नाकारतात. पॉवर बँक विमानात १०० वॅट-तासांपर्यंत नेता येते, म्हणजे ३.७ व्होल्टला जास्तीत जास्त २७,००० एमएएच. ती हातातल्या पिशवीतच ठेवायची. साधा बॅटरीवरचा एफएम रेडिओ घ्या. भाषा कळत नसली तरी हॉटेलातला कुणीही संचारबंदीच्या वेळा ऐकून सांगेल.

उपग्रह फोनचा मोह टाळा. भारतासह काही देशांत परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे.

---

उंबरठा

लहान नोटांचं अगदी खरं. नाक्यावर मोठी नोट काढली की सुटे परत येत नाहीत.

बरं, चुकून अश्रुधुरात सापडलो तर?

---

अवेळ

वाऱ्याच्या उलट दिशेने, उंचावर, मोकळ्यावर जायचं. धूर हवेपेक्षा जड असतो, म्हणून तळघर किंवा भुयारी मार्ग टाळा. डोळे चोळायचे नाहीत. स्वच्छ पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धुवायचे. कॉन्टॅक्ट लेन्स लगेच काढून फेकायच्या. अशा शहरात मुळात चष्माच लावून फिरावं. दमेकऱ्याचा पंप खिशात हवा, खोलीत नको. कपडे पिशवीत बांधून वेगळे.

मुख्य म्हणजे बघायला जायचं नाही. गच्चीवरूनही चित्रण नको. पोलीस आणि लष्कर यांचे फोटो तर मुळीच नकोत. तपासणी नाक्यावर फोन उघडून बघतात. तिथल्या राजकारणावर आपण लिहिलेलं काही असेल तर ते आपल्याच अंगाशी येतं.

---

दिवेलागण

पकडलं गेल्यास "माझ्या दूतावासाला कळवा" हे वाक्य पाठ असावं. १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या कलम ३६ प्रमाणे ते मागायचा हक्क आहे. पण दोन नागरिकत्वं असलेल्यांनी जपावं. तुम्ही त्याच देशाचे नागरिकही असाल तर तो देश दूतावासाला भेटू देईलच असं नाही.

---

स्थिरचित्त

एक राहिलं: इंधन. श्रीलंकेत जुलै २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात लोक शिरले ते जगाने पाहिलं, पण पर्यटकाची खरी अडचण पेट्रोल होती. जूनअखेरीपासून काही दिवस अत्यावश्यक सेवा सोडून विक्रीच बंद. विमानतळ चालू, विमानं चालू, पण कोलंबोपासून काटुनायकेचा विमानतळ तीसेक किलोमीटर, आणि गाडीच मिळेना. तेव्हा मुक्कामाच्या ठिकाणी थेट विचारा: "विमानतळाला सोडायला तुमची गाडी आहे का, आणि त्यात इंधन असतं का?" उत्तर देताना माणूस अडखळला तर समजून जा.

---

अवेळ

त्यात तारखांची भर घालते. अशांतता पंचांग पाहून येते म्हणा ना! निवडणुकीचा निकाल, न्यायालयाचा निर्णय, अर्थसंकल्पावरचं मतदान, आणि मागच्या गोळीबाराचा स्मृतिदिन. केनियात २५ जून २०२४ ला अर्थविधेयकाविरुद्ध आंदोलक संसदेत शिरले, तर २०२५ च्या २५ जूनला पुन्हा देशभर मोर्चे. तुमच्या दहा दिवसांत अशी तारीख पडते का, ते बघा. पडत असेल तर त्या दिवशी राजधानीत नसायचं आणि त्या दिवशीचं विमानही नको.

---

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळं वाचून पुढचा आराखडा केला आहे, चुका सांगा.

आज: विम्याचा मसुदा काढून रायट आणि सिव्हिल कमोशन कुठे आहेत ते बघणं, दूतावासाकडे नोंदणी, राजधानीतले दिवस तीनावरून एकावर, परतीच्या आधी दोन रात्री विमानतळाजवळ.

निघण्याच्या २१ दिवस आधी: अवेळ यांचे चार प्रश्न. त्यातले तीन वाईटाकडे सरकले असतील तर तारीख बदलून मागायची, मुक्कामवाल्यांना पैसे परत न मागता पुढच्या वर्षासाठी ठेवायला सांगायचं. म्हणजे त्यांचंही नुकसान नाही.

७ दिवस आधी: सात दिवसांची उड्डाणं बघायची. दोन किंवा जास्त रद्द असतील, दिवसाही संचारबंदी असेल, देशभर इंटरनेट बंद असेल किंवा दूतावासाची कुटुंबं निघाली असतील, यातलं एकही असेल तर जायचं नाही.

आदल्या दिवशी: शेवटची तपासणी आणि निर्णय.

---

कलमबहाद्दर

आराखडा छान, पण शेवटची पायरी चुकली. आदल्या दिवशी निर्णय घेतलात तर ४८ तासांची मुदत गेलेली असेल. शेवटचा निर्णय ७२ तास आधी ठेवा. मुक्कामाची फुकट रद्द करायची मुदतही बघा. ती तिथल्या स्थानिक वेळेप्रमाणे असते, तुमच्या घड्याळाप्रमाणे नाही. त्यानंतर काही झालं तर स्वतःहून काही करू नका, उड्डाण कंपनीलाच रद्द करू द्या.

---

उत्तरायण

शिवाय संकटाची अट उलटीही लिहा: तिथे पोचल्यावर काय झालं की परत निघायचं? लष्कर रस्त्यावर, इंटरनेट बंद, आपल्या विमान कंपनीचं एक उड्डाण रद्द. यातल्या दोन गोष्टी घडल्या की त्याच दिवशी विमानतळाजवळ सरकायचं आणि मिळेल ते पहिलं विमान घ्यायचं, मग ते शेजारच्या कुठल्याही देशाला जाणारं का असेना. त्या देशाच्या व्हिसाचे नियम आत्ताच बघून ठेवा. उतरणं दिवसा होईल असं विमान घ्या, आणि परतीला विमानतळावर तीन तासांऐवजी सहा तास आधी.

---

तिठा

सहा तासांचं ऐकून आजोबा रागावतील, पण त्यांच्यासाठी खुर्ची आणि खाऊ सोबत ठेवा म्हणजे झालं. आराखडा बघून माझा विरोध बराच मावळला आहे, २१ दिवसांची अट पाळणार असाल तरच हं.

---

पायवाट

पाळणार. ७२ तासांची दुरुस्ती केली, उलट्या अटीही लिहून चौघांनाही वाचून दाखवणार आहे. आजोबांना "सरकायचं" म्हटलं की लगेच उठायचं हे आधीच कबूल करून घेते.

---

बिनतारी

एक शेवटचं. परतीचं तिकीट चौघांचं कागदावर छापून प्रत्येकाकडे एक प्रत द्या. संचारबंदीत तोच पास असतो, आणि फोनची बॅटरी नाक्यावरच संपते. कागदाच्या मागे मोठ्या अक्षरांत, तिथल्या लिपीत, विमानतळाचं आणि मुक्कामाचं नाव, खाली उड्डाणाची वेळ. मुक्कामवाल्यांना ईमेल करून ते लिहून मागवा. नाक्यावरच्या शिपायाला इंग्रजी येत नसेल, पण स्वतःच्या लिपीतलं 'विमानतळ' तो टॉर्चच्या उजेडातही वाचतो.